घाटावरचं एक शून्य

"शून्य आलं कुठनं? आरं, मगाशी न्हवतं ते! कुणी घातलं शून्य?"

यात्रा कमिटीचे अध्यक्ष ओरडत होते. हातात माईक होता आणि तो चालू आहे याचं त्यांना भान नव्हतं. चार कर्ण्यांतून ते शून्य घाटावर घुमलं, उसाच्या फडांवरून गेलं, घोडनदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात शिरलं. तिकडं एका म्हशीनं दचकून पान्हा चोरला, असं मला पुढं एका पाहुण्यानं शपथेवर सांगितलं. मी त्यातलं निम्मं खरं धरतो. माझी अब्रू जायला तेवढं निम्मंही पुरलं.

मी स्टेजवर, लॅपटॉपसमोर, डोक्यापासून कमरेपर्यंत भंडाऱ्यानं पिवळा होऊन बसलो होतो. माझ्यामागं ट्रकच्या हौद्याएवढा स्क्रीन होता आणि समोर अख्खा शिरूर तालुका. शिवाय दौंडकडून पिकअप भरभरून आलेले पाव्हणे. आणि हे सगळे एका शून्याकडं बोट दाखवत होते. शून्य मीच घातलं होतं. खरं होतं म्हणूनच घातलं होतं. पण एवढ्या बोटांपुढं खरं काय करणार?

ज्यांनी बैलगाड्यांचा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चढाचा एक मातीचा रस्ता. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, वरची खूण ओलांडतो, आणि तुमचा श्वास आत गेलेला बाहेर यायच्या आत खेळ संपतो. या एका पळण्याला म्हणायचं बारी. दिवसभरात ज्या गाड्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो घाटाचा राजा. पूर्वी वेळ घ्यायला दोन जुनी माणसं गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभी असायची. घड्याळात पॉइंटच्या पुढं कायम दोन आकडे. ते वाचायचे, "अकरा सेकंद, अठ्ठेचाळीस मिली." ही मिली म्हणजे सेकंदाचा नेमका कितवा भाग, याची चौकशी घाटावर कुणी केलेली नाही. शाळेतले मास्तरसुद्धा घाटावर आले की मिलीच म्हणतात. मिली कमी तो गाडा पुढं, एवढा साधा हिशेब.

यंदा अध्यक्षांना कॉम्प्युटर पाहिजे होता. शेजारच्या गावानं यात्रेत ड्रोन उडवला होता, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. घाटाच्या खाली आणि वर प्रकाशाच्या किरणांच्या पेट्या बसवल्या, आणि त्यांच्याकडून येणारी वेळ मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा प्रोग्राम लिहायला मला धरलं. मी शिरूरला घरी बसून एका कंपनीचं काम करतो. गावात माझी ख्याती अशी की मी कॉम्प्युटरमधनं विमान उडवू शकतो. प्रत्यक्षात मी रोज काय करतो, तर लोकांचे आकडे तक्त्याच्या रकान्यात नीट बसवतो. कुठं स्वल्पविराम द्यायचा, पॉइंटच्या पुढं किती आकडे दाखवायचे, आकडे डावीकडं टेकवायचे की उजवीकडं. बायको याला 'आकड्यांची वेणीफणी' म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही.

पहिली चाचणी अध्यक्षांच्या ओट्यावर झाली. घरातल्यांनी हातानं किरण तोडला आणि स्क्रीनवर आलं १२.२९९९९९९९९९९९९९७. कॉम्प्युटर एका वेळेतून दुसरी वजा करतो तेव्हा त्याच्या पोटात असा कचरा निघतो. आम्हा लोकांना त्याची सवय असते. अध्यक्षांना नव्हती. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ह्ये काय? मोबाइल नंबर हाय का कुणाचा?"

"आप्पा, काढतो. शेपूट कापायचं राहिलं."

शेपूट कापलं. मग आलं १२.३०, त्याच्याखाली १२.००.

"आता ही शून्यं कशापायी?"

"दोन आकडे सारखे दिसावेत म्हणून. वरच्याखाली ओळ लागते."

"ओळ लागायला काय लग्नाची पंगत हाय? बारा म्हंजी बारा. फुकटची शून्यं बघून पब्लिकला वाटंल, मशिनीला आकडं कमी पडलं म्हणून भर घातली. काढ ती. आन् आकडं मराठीत पायजेत. आपली यात्रा हाय."

प्रोग्राममध्ये या गोष्टीसाठी दोन खुंट्या असतात. एक, पॉइंटच्या पुढं जास्तीत जास्त किती आकडे. दुसरी, कमीत कमी किती. जास्तीत जास्त दोन ठेवले होते, ते तसेच राहिले. कमीत कमीही दोन होते, ते अध्यक्षांच्या हुकुमानं शून्य झाले. म्हणजे १२.०० चे झाले १२, आणि १२.३० चे झाले १२.३. मी एकदा म्हणून पाहिलं, "आप्पा, दोन राहू द्या की." पण ज्या ओट्यावर तुम्ही त्यांचा दुसरा चहा पिताय तिथं तुमच्या 'राहू द्या'ला किती वजन असणार? त्यांनी तिसरा मागवला.

आता मामाचं सांगतो, कारण या गोष्टीत जे काही जायचं होतं ते मामाचं जायचं होतं.

माझा मामा वरवंडच्या मागच्या अंगाला राहतो. दौंड तालुक्यातून आमच्या घाटावर गाडा घेऊन येणाऱ्यांत त्याच्याइतका जुना माणूस नाही आणि त्याच्याइतका हरलेलाही नाही. गाड्याला बैल चार असतात, पण मामा बोलायचा एकाबद्दलच: मागच्या जोडीतला, धुरेला चालणारा पांढरा. त्या बैलाचं कौतुक मामा असं करी की ऐकणाऱ्याला आपल्या पोरांची लाज वाटावी. "माझा बैल मागं वळून बघत न्हाई. बघायला मागं कुणी दिसलं पायजे ना." दरसाल मागं बरेच असत आणि पुढंही दोघं-तिघं असत. घाटाचा राजा तो कधीच झाला नाही.

यंदा जनावरांच्या डॉक्टरनं बैलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं, हा शेवटचा हंगाम. आमची यात्रा त्या हंगामातली शेवटची. मामानं तालुक्याला जाऊन फ्लेक्स छापून आणला. बैलाचा फोटो, शिंगांना रंग, गळ्यात हार, पाठीवर झूल. फोटोखाली एक पांढरी पट्टी कोरी सोडलेली. छापणाऱ्यानं विचारलं, इथं काय? मामा म्हणाला, "ते यात्रेच्या दिवशी रंगानं लिहीन." फ्लेक्सची गुंडाळी पिकअपमध्ये, बैलाच्या पेंढीशेजारी. वरवंडच्या चौकात तो लावायचा खांबसुद्धा ठरलेला होता.

तर यात्रेचा दिवस. दुपारनंतर मामाची बारी लागली. निशाण पडलं, माईकवाल्यानं "भिर्रर्र" म्हटलं, आणि मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो: गाडा घाटावरून गेला आणि धूळ मागून आली. काही क्षण धूळसुद्धा विचारत होती, कुठं गेले सगळे? स्क्रीनवर आकडा पडला ११.४८. तक्त्यात सगळ्यांत वर. मामाच्या लोकांनी एवढा भंडारा उधळला की खाली गाड्यांपुढं पळवायच्या घोड्यांना शिंका आल्या. मामा स्वतः नाचला नाही. तो बैलाच्या गुडघ्याला पाणी लावत होता.

संध्याकाळपर्यंत त्या आकड्याला कुणी शिवलं नाही. अधूनमधून तक्त्यात १३.४, १२.९ अशी बोडकी मंडळी येत होती. पण तळातल्या गाड्यांची मिली कोण मोजतो? मग शेवटची बारी राहिली, कोरेगाव भीमाकडच्या एका आबांच्या गाड्याची. आबा शांत माणूस, पांढरी टोपी, तोंडात सुपारी. त्यांचा गाडा सुटला, वर गेला, आणि स्क्रीनवर, मामाच्या ११.४८ च्या बरोबर खाली, आकडा येऊन बसला.

११.५.

उजवीकडं टेकवलेले आकडे, त्यामुळं हा बिचारा अंग चोरून उभा राहिल्यासारखा. मला एका नजरेत कळलं: साडेअकरा सेकंद, मामापेक्षा दोन मिली उशिरा. मामा राजा. मी उठून उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि माझ्या आधी माईक बोलला.

"अकरा सेकंद पाच मिलीऽऽ! आरं पाच मिली! घाटाचा राजा!"

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मला काही दिसत नव्हतं. सूर्य पिवळा झाला, हवा पिवळी झाली. कोरेगावकडची पोरं स्टेजवर चढली. आबांना खांद्यावर घेतलं तेव्हा त्यांच्या तोंडातली सुपारी पडली म्हणून ते कुरकुरले, आणि मला वाटतं त्या दिवशी आबांनी मनापासून केलेली तेवढी एकच तक्रार.

आता मी साधं बोलायला हवं होतं. बोललोही. "थांबा! हे पाच नाही, पन्नास आहे!" पण भंडारा नाकातोंडात गेलेल्या माणसाचा आवाज बेडकासारखा येतो. माझं ऐकलं फक्त अध्यक्षांनी, तेही स्क्रीनकडं बघून आधीच त्यांच्या कपाळाला आठी पडली होती म्हणून.

"ह्या कोरेगावचा नंबर खाली का? पाच मिलीवाला खाली आन् अठ्ठेचाळीसवाला वर?"

"कारण तो उशिरा आलाय, आप्पा. ते अकरा पॉइंट पाच म्हणजे साडेअकरा."

"साडेअकराला तर जेवणाची सुट्टी झाली होती. काय बोलतो?"

"साडेअकरा सेकंद! म्हणजे अकरा पन्नास. तुम्ही शून्य काढायला लावलं ना ओट्यावर? ते हे शून्य."

अध्यक्षांना ओटा आठवला, असं मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. पण समोर तालुका होता. माणूस तालुक्यापुढं ओटा आठवत नाही.

तेव्हा मी ते केलं. आजही मला दुसरं काही सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा. मी लॅपटॉपवर दुसरी खुंटी फिरवली. कमीत कमी आकडे, दोन. स्क्रीन एकदा लुकलुकला आणि तक्ता बदलला. १३.४ चा झाला १३.४०, १२.९ चा १२.९०. आणि दुसऱ्या ओळीत, सगळ्या घाटाच्या डोळ्यांदेखत, ११.५ चा झाला ११.५०.

मग ते ओरडणं, ज्यापासून मी सुरुवात केली.

"शून्य कुणी घातलं?"

"मी घातलं, पण ते आधीपासूनच..."

"घातलं म्हणतोय! त्वांडानं कबूल करतोय!" माईकवाला म्हणाला. "मायबाप पब्लिक, ह्यो आकडा हाय का सरडा? मगाशी पाच, आता पन्नास!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "प्वार कुणाचं हाय रं ह्ये?" आणि उत्तर आलं, "वरवंडच्या मामाचा भाचा."

संपलं. अकरा अठ्ठेचाळीसवाला मामा, आणि त्याच्या भाच्याच्या हातात कॉम्प्युटर. मीच गर्दीत असतो तर मीही तेच समजलो असतो. एवढा पुरावा तर कोर्टातसुद्धा मिळत नाही.

मग मी लोकांना गणित शिकवायला घेतलं. उभ्या यात्रेत, भंडाऱ्यानं माखून. म्हटलं, "दीड लिटर दूध म्हणजे एक पॉइंट पाच. ते एक पॉइंट अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त की कमी?"

"दुधाचं काय काढलं मधीच? बैल हायती ती," एक जण म्हणाला. बैल दूध देत नाहीत, हा मुद्दा सगळ्यांना पटला.

अध्यक्षांनी मला शांतपणे, बापानं समजवावं तसं समजावलं. "हे बघ. अकरा वाजून पाच मिनटं आधी हुत्यात का अकरा अठ्ठेचाळीस?"

"अकरा पाच. पण..."

"गट नंबर अकरा छेद पाच आधी येतो का अकरा छेद अठ्ठेचाळीस?"

"अकरा छेद पाच, पण आप्पा, तो पॉइंट वेगळा..."

"घड्याळाचा पॉइंट येगळा, तलाठ्याचा येगळा आन् तुझ्या मामाचा येगळा व्हय?"

यावर जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. हशा ओसरेपर्यंत बैलांना दुसऱ्यांदा भूक लागली.

शेवटचा उपाय म्हणून मी लॅपटॉप उचलून अध्यक्षांच्या समोर धरला. मूळ आकडे जिथं साठवले होते ती फाइल उघडली. पेट्यांच्या वेळांतून जे निघालं, माणसाचा हात न लागलेलं, ते यात आहे, म्हटलं, ह्यात बघा. आणि मीही बघितलं. फाइलमध्येही होतं 11.5. असणारच. शेपूट प्रोग्राम साठवायच्या आधीच कापत होता, आणि आकडा साठवताना त्याला शून्य नसतं. शून्य हे कपड्यासारखं. चारचौघांत आणताना आपण आकड्याला घालायचं. घरात तो उघडाच असतो. हे मी रोज करतो, पोटासाठी करतो, आणि नेमकं तेव्हा विसरलो.

अध्यक्षांनी फाइल पाहिली, चष्मा वर केला. "आत बी पाचच हाय की रं."

मी दुसरा पुरावा शोधायला इकडंतिकडं पाहिलं. पेट्यांना डोळे होते, तोंड नव्हतं. त्यांच्यावर कुठला आकडा उमटत नव्हता. जुने स्टॉपवॉचवाले दोघं यंदा शाल-श्रीफळ घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, घड्याळं घरी ठेवून. बाकी घाटावर जितके मोबाइल तितक्या वेळा. कुणाच्या मोबाइलवर साडेदहा, कुणाच्या तेरा. एकाच्या मोबाइलवर तर गाडा अजून पळतच होता, त्याला थांबवायचं बटण सापडत नव्हतं.

तेव्हा अध्यक्ष माईक घेऊन म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी न्यायानं केलं हे मला मान्य आहे, "पब्लिकला संशय नको. दोन्ही गाडं पुन्यांदा सोडायचं. जो कमी वेळात येईल त्यो राजा."

आबा खांद्यावरून उतरले. म्हणाले, "आमची ना न्हाई." सगळे खाली बघायला लागले, घाटाच्या पायथ्याशी, जिथं मामा त्याच्या पांढऱ्याजवळ उभा होता.

मी स्टेजवरून उडी मारून खाली पळालो. मामाला सगळं ऐकू आलं होतं, कर्ण्यांनी काही झाकून ठेवलं नव्हतं. तो बैलाच्या पुढच्या पायाशी बसला होता. गुडघा सकाळपेक्षा जास्त सुजला होता. मामानं त्यावर तळवा ठेवला. बैलानं पाय थोडा उचलला, पुन्हा टेकवला, आणि टेकवताना खूर तिरका पडला. मामा उठला, वर स्टेजकडं बघून त्यानं दोन्ही हात हलवले. नाही.

"मामा," मी म्हटलं, "तू जिंकलायस. देवाशप्पथ. मी त्यांना..."

"त्येला पाणी आण आधी," मामा म्हणाला.

मी पाणी आणायला गेलो. मी बादली भरत असताना वर माईकनं जाहीर केलं की वरवंडच्या मामांनी माघार घेतली. टाळ्या पडल्या. ढाल आणि फेटा आबांना गेला. कुणीतरी मागून माझ्या पाठीत एक थाप घातली, बऱ्यापैकी जोरात, आणि म्हणालं, "पुढच्या टायमाला शून्यं घरनं मोजून आणा, इंजिनेर." मी हसलो. मला दुसरं काय येत होतं?

मी बादली घेऊन आलो तोवर जुकाटाची, म्हणजे पुढची, जोडी पिकअपमध्ये चढली होती. पांढरा फळीवरून चढत नव्हता. मामा पुढून दोर धरून हळूहळू त्याला बोलवत होता, जसं नवीन सुनेला पहिल्यांदा घरात घेतात. मी मागून हात लावला. तो चढला. मामानं गाडीच्या हौद्यातली फ्लेक्सची गुंडाळी काढली, उलगडली नाही, तशीच चपटी करून त्याच्या खुरांखाली सरकवली, पाय घसरू नये म्हणून.

मला राहवलं नाही. मी फाळक्याला धरून उभा राहिलो आणि भडाभडा बोलायला लागलो. की आता मी ते कायमचं दुरुस्त केलंय, पॉइंटच्या पुढं दोन आकडे कायम दिसतील, कुणी कितीही चहा पाजला तरी. की स्क्रीनवर मिली असं अक्षरात लिहीन. की पेट्यांवरच आकडा येईल अशी सोय करीन. की जुन्या दोघांना पुन्हा घड्याळं घेऊन उभं करू.

"पुढच्या वर्षी असं होणार नाही, मामा. मी सांगतो तुला."

मामानं फाळका वर केला, खिट्टी लावली आणि हात धोतराला पुसले.

"फुडच्या वर्षी बैल पळणार न्हाई," तो म्हणाला.